विनामूल्य विद्येची पावती
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



वार्षिक समारंभात शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे शिस्त, अभ्यास आणि मोबाईल या तीन विषयांपैकी एकावर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. आज तो मोडण्याची परवानगी मी कार्यवाहांकडून आधीच घेतली आहे. मी बी. ए., बी. एड्. झालेला मराठी व इतिहासाचा शिक्षक. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु आपल्याच एका माजी विद्यार्थिनीने गेल्या वर्षी मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, म्हणून आज देतो आहे.

ही मुलगी दिव्याचीच. पदार्थविज्ञान घेऊन एम. एस्सी. झाली. शिकत असताना, घरची कामे आटोपून रात्री, ती शास्त्रज्ञांच्या उपयोगाची एक आज्ञावली सुधारण्याचे काम करीत असे. आज्ञावली म्हणजे संगणकाला द्यावयाच्या सूचनांची मालिका, ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो. आलेख काढताना एका ठिकाणी आकडे चुकतात हे तिच्या ध्यानात आले. चूक कोठे आहे हे तिने शोधले, दुरुस्ती करून पाठविली, मूळ कर्त्यांनी ती तपासून स्वीकारली, आणि ती आज्ञावली वापरणाऱ्या सर्वांना पुढील आवृत्तीत ती मिळाली. अशी दोन वर्षे गेली. पुढे एका संस्थेत संशोधन सहाय्यकाच्या जागेसाठी ती मुलाखतीला गेली. “आपले प्रसिद्ध झालेले शोधनिबंध किती?” असे तिला विचारण्यात आले. एकही नव्हता. तिने आज्ञावलीविषयी सांगितले, तेव्हा समोरचे गृहस्थ सौजन्यानेच म्हणाले की, अर्जात याला रकाना नाही. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, “म्हणजे दोन वर्षे तू फुकट राबलीस?” दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि म्हणाली, “सर, मी केले ते काम होते की नव्हते?”

पालकहो, त्या वडिलांना दोष देण्यास मी उभा नाही. ज्याचा पगार नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्रही नाही, त्याला काम म्हणावे कसे, हा संसारी माणसाचा रास्त प्रश्न आहे. गंमत अशी की, मोठमोठ्या विद्यापीठांनाही हाच प्रश्न पडलेला आहे आणि त्यांनाही तो अजून पुरता सुटलेला नाही.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. काही आज्ञावल्या विकत घ्याव्या लागतात, आणि त्यांच्या आत काय आहे हे आपल्याला पाहता येत नाही. दुसऱ्या प्रकारात मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. यालाच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. आपल्यापासून ते दूर नाही. दिव्याहून धीमी लोकल पकडून कांजूरमार्गला उतरले की पवईची आयआयटी जवळच आहे. तेथील विमानविद्येचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी या शतकाच्या आरंभी, मद्रासच्या आयआयटीत संशोधक विद्यार्थी असताना, एक आज्ञावली लिहिण्यास घेतली. तिचे नाव ‘मायावी’. लाखो आकड्यांच्या ढिगातून ती डोळ्यांना दिसेल असे त्रिमितीय चित्र उभे करते. उदाहरणार्थ, विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते ते. नाव आपल्या मातीतले आहे, पण वापरणारे देशोदेशींचे. तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

आता या कामाचे मोल कसे काढावे? आपल्या हातातील स्मरणिकाच उलटून पाहा. शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी आहे. ज्याने जितके दिले तितके त्याच्या नावापुढे लिहिले आहे, कारण प्रत्येक रकमेची पावती फाडलेली आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात ज्या सुताराने शाळेची मोडकी बाके मजुरी न घेता दुरुस्त करून दिली, त्याचे नाव यादीत नाही. मुद्दाम गाळलेले नाही. त्याच्या कामाची पावती फाडण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. त्या बाकांवर वर्षभर मुले बसली, परीक्षा दिल्या, पास झाली. निकालपत्रात बाकाचा उल्लेख कोण करणार?

संशोधनाच्या जगात पावती म्हणजे संदर्भ. एका संशोधकाने दुसऱ्याच्या निबंधाचा आधार घेतला की शेवटच्या यादीत त्याचे नाव लिहावयाचे. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली अशा संदर्भांची मोठी सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेव्हापासून कोणाच्या निबंधाला किती संदर्भ मिळाले हे मोजता येऊ लागले, आणि हळूहळू नेमणुका, बढत्या, अनुदाने या मोजणीवर ठरू लागली. पण ही सूची निबंधांची होती. आज्ञावली हा काही निबंध नव्हे. त्यामुळे ज्यांनी शास्त्रज्ञांसाठी बाके घडविली त्यांच्या नावे पावती फुटेना.

यावर त्या मंडळींनी एक युक्ती काढली. आज्ञावलीविषयी एक निबंध लिहावयाचा आणि वापरणाऱ्यांना सांगावयाचे, आमच्या आज्ञावलीचे नाव घेता येत नसेल तर या निबंधाचे घ्या. ‘मायावी’वरही असा निबंध रामचंद्रन आणि फ्रान्समधील गाएल वारोको या दोघांच्या नावे २०११ साली प्रसिद्ध झाला.

ही युक्ती किती चालते आणि किती फसते याचा मासला जर्मनीत मिळतो. स्फटिकातील अणूंची रचना उलगडण्यासाठी ‘शेलेक्स’ नावाच्या आज्ञावल्या जगभर वापरल्या जातात. त्या लिहिणारे प्राध्यापक जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ साली त्यांचा छोटेखानी इतिहास एका नियतकालिकात लिहिला आणि वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हाच लेख द्यावा असे त्यात सुचविले. संदर्भांचा असा पाऊस पडला की, त्या नियतकालिकाचा ‘प्रभाव गुणांक’ दोनच्या आसपास असे, तो २००९ साली जवळजवळ पन्नासावर गेला! हा गुणांक म्हणजे मागील दोन वर्षांतील लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले त्याचा आकडा. म्हणून दोन वर्षांचा हिशेब सरताच २०११ साली तो पुन्हा दोनवर उतरला. एका हुशार मुलाचे गुण साऱ्या वर्गात वाटून सरासरी काढावी तसे झाले. वर्ग होता तेवढाच हुशार होता. सरासरी पाहून मुलाला प्रवेश देणाऱ्या व नाकारणाऱ्या आपण शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि जेथे अशी युक्ती नाही तेथे? जेम्स हाविसन आणि ज्युलिया बुलार्ड या अभ्यासकांनी जीवशास्त्रातील ९० निबंध निवडून त्यांत सॉफ्टवेअरचे नाव कसे घेतले जाते हे तपासले. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, अशा दर शंभर उल्लेखांपैकी ३१ ते ४३ ठिकाणीच रीतसर संदर्भ होता. बाकी ठिकाणी मजकुरात ओझरते नाव, कोठे नुसता संकेतस्थळाचा पत्ता. शिवाय नावच न घेता ज्यांनी काम उरकले ते या हिशेबात येणारच नाहीत.

कोणी म्हणेल, संदर्भ राहू द्या. आज्ञावली किती वेळा उतरवून घेतली गेली ते मोजा. हा हिशेबही कच्चा आहे. दिवा स्थानकावरील तिकीट खिडकीपाशी बसून आपण रोज किती तिकिटे विकली गेली ते मोजले, तर सकाळची गर्दी त्या आकड्यात दिसेल काय? पासवाला महिन्यातून एकदा खिडकीशी येतो आणि पन्नास वेळा गाडीत चढतो. त्याचप्रमाणे एखाद्या महाविद्यालयात आज्ञावली एकदा उतरवून घेतात आणि चाळीस संगणकांवर चढवितात. उलट, काही यंत्रे आपोआप चाचणी घेण्यासाठी तीच आज्ञावली दिवसातून शेकडो वेळा उतरवून घेतात आणि त्यामागे वाचणारा माणूस एकही नसतो.

दिव्याचीच आणखी एक गोष्ट घ्या. डोंबिवलीचा माणूस पनवेलला जातो, तेव्हा दिव्याला गाडी बदलतो. घरी गेल्यावर तो सांगतो, पनवेलला जाऊन आलो. दिव्याचे नाव कोण काढतो? वसईला जाणाऱ्याचेही तेच. जंक्शनाचे भाग्यच असे! आज्ञावल्यांतही जंक्शने असतात. ‘मायावी’ उभी आहे ती ‘व्हीटीके’ नावाच्या दुसऱ्या खुल्या आज्ञावलीवर. ती १९९३ च्या सुमारास अमेरिकेत तिघांनी लिहिली. संशोधकाने ‘मायावी’चे नाव घेतले तर ते आभाराला पात्रच, पण व्हीटीकेचे? आणि व्हीटीके ज्यांच्यावर उभी आहे त्यांचे? जितके खाली जावे तितका उपयोग मोठा आणि नाव लहान होत जाते.

आपण सभांतून अल्‌ ख्वारिज्मींचे नाव घेऊन टाळ्या मिळवितो. नवव्या शतकात बगदादमध्ये त्यांनी गणित लिहिले, आणि ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. आज तो शब्द जो तो वापरतो. आपण एका माणसाचे नाव घेत आहोत हे मात्र शंभरात एकालाही ठाऊक नसते. काम इतके वापरले गेले की पावतीच बंद झाली. कोणत्याही मोजपट्टीने मोजू गेल्यास त्या थोर माणसाच्या नावे आज फारच थोडे संदर्भ निघतील.

मग मोजू नये काय? मोजावे, पण आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. ही आज्ञावली नसती तर कोणते काम अडले असते? पुण्याच्या उत्तरेस नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. तिने २०१० ते २०१२ या काळात दीर्घ लहरींवर आकाशाची पाहणी केली. वातावरणाच्या वरच्या थरात या लहरी वाकतात आणि चित्र बिघडते. हाउब इंटेमा या डच संशोधकाने हा दोष काढणारी ‘स्पॅम’ नावाची आज्ञावली लिहिली होती. तिच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सारी मोजमापे नव्याने निवळून काढली आणि २०१७ साली सुमारे ९० टक्के आकाशाचा नकाशा आणि त्यातील ६ लाख २० हजारांवर रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे ठेवली. तबकड्या आपल्या, रात्री जागलेले लोक आपले. परंतु त्या आज्ञावलीवाचून ते आकडे आजही कपाटात राहिले असते. हा प्रभाव कोणत्या रकान्यात भरावा?

जग अगदीच झोपलेले नाही. २०१३ साली सान फ्रान्सिस्को येथील जाहीरनाम्यात अनेक संशोधकांनी व संस्थांनी म्हटले की, माणसाची पारख करताना निबंधांखेरीज त्याने तयार केलेली माहिती व सॉफ्टवेअर यांचाही विचार व्हावा. २०१६ साली सॉफ्टवेअरचा संदर्भ कसा द्यावा याची तत्त्वे ठरली. त्याच वर्षी केवळ मुक्त सॉफ्टवेअरवरील निबंधांसाठी एक नियतकालिकही सुरू झाले. आता आज्ञावलीच्या प्रत्येक आवृत्तीला, घराला नंबर असतो तसा, कायमचा क्रमांक मिळू शकतो. पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाची रीत तर मला फार आवडली. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या मुक्त आज्ञावलीत करून दिली. पहिल्याच पानावर त्या विद्यार्थ्याचे नाव, त्याचे महाविद्यालय, त्याचे शिक्षक, इतकेच नव्हे तर काम तपासणाऱ्याचेही नाव छापलेले असते. पालकहो, आपली मुले अभियांत्रिकीला असतील तर त्यांना ही पाने अवश्य दाखवा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मागील विज्ञान प्रदर्शनात आमच्या मुलांनी ग्रहांच्या भ्रमणाचा सुरेख देखावा संगणकावर दाखविला. फलकावर मी प्रमुख पाहुण्यांचे, मुख्याध्यापकांचे, मंडपवाल्याचे नाव लिहून घेतले. देखावा ज्या विनामूल्य आज्ञावलीने उभा केला तिचे नाव लिहिण्याचे मला सुचले नाही. तेव्हा त्या मुलीला मी उत्तर देणार तरी कोणत्या तोंडाने? तिच्या कामाची पावती ज्यांनी फाडावयाची त्या वापरणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून या वर्षी नियम केला आहे. प्रत्येक तक्त्याच्या खाली एक ओळ असेल: कोणती आज्ञावली वापरली, तिचे कर्ते कोण, आवृत्ती कितवी. आवृत्ती लिहिणे हे केवळ सौजन्य नव्हे. मुलीने दुरुस्त केलेली चूक जुन्या आवृत्तीत अजून आहे, आणि वाचणाऱ्याला कोणते आकडे तपासावेत हे त्यावरूनच कळते. कर्त्यांची नावे सापडली नाहीत तर मुलांनी माझ्याकडे यावे, मिळून शोधू.

त्या मुलीला मी सांगितले की, अर्जात रकाना नसेल तर ‘इतर माहिती’ या जागेत लिही: आज्ञावलीचे नाव, आपण केलेली दुरुस्ती, ती स्वीकारल्याची तारीख, आणि ती कोठे पाहता येईल तो पत्ता. तिने तसे लिहून दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज केला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. वडिलांनी मात्र परवा मला स्टेशनाबाहेर थांबवून विचारले, “गुरुजी, ती जी चूक तिने काढली, ती नेमकी काय होती?” मला ती नीट समजावून सांगता आली नाही. मी म्हटले, घरी जाऊन तिलाच विचारा.