परकोटालगतची बाग
(ऊर्जानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



ऊर्जानगर म्हटले की वीज केंद्राच्या उंच चिमण्या डोळ्यांपुढे येतात. येथून काही किलोमीटरवरच इरई आणि झरपट या नद्यांच्या दरम्यान जुने चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, दगडी परकोटाच्या आत वसले आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने या नगराचा पाया घातला, असे परंपरा सांगते. राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट आखला गेला, अशी आख्यायिका आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार वेशी आजही नांदत्या आहेत.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या तटाला खिंडार पाडले. त्यानंतर तटाला शत्रू उरला तो झाडाझुडपांचा आणि केरकचऱ्याचा. २०१७ मध्ये 'इको-प्रो' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने परकोटाची सफाई आरंभली, तेव्हा झाकलेले बुरूज पुन्हा दिसू लागले. परंतु मोकळी झालेली जागा मोकळी राहते कशी, हा खरा प्रश्न आहे.

२०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. अशा जागेचा कोणी वापर केला नाही, तर ती उकिरडा होते किंवा अतिक्रमणाखाली जाते. फ्रान्समधील वान या शहरात तटाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, कातरलेल्या झुडपांची नक्षीदार बाग आहे. तेथे नागरिक रोज फिरावयास येतात आणि तटावर आपोआप लक्ष राहते. आपल्याकडे बीबी का मकबऱ्याची चौरस वाफ्यांची बाग हेच सांगते की, आखीव बाग वास्तूची शोभा झाकत नाही, ती खुलविते.

मात्र बाग तटाच्या सोयीने हवी. भिंतीलगत हिरवळीला रोज पाणी दिले तर ते पायात मुरते. म्हणून तटाशेजारी खडीचा कोरडा पट्टा ठेवून जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूस द्यावा. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे सांध्यांत दिसताच काढावीत. मुळे जाड झाली की चिरा हलतो. सांधे भरताना चुन्याचाच वापर व्हावा. सिमेंट आतील ओल कोंडून ठेवते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या जिल्ह्यात कमी पाण्यावर तगणारी स्थानिक झाडे, तीही तटापासून दूर, लावणे शहाणपणाचे. संरक्षित तटाजवळचे प्रत्येक काम मात्र पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीनेच करावयाचे.

बल्लारपूर, भद्रावती, वैरागड येथील किल्ल्यांनाही हाच विचार लागू पडतो. शिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा तटाखाली न्यावे, पंचायत सदस्यांनी कचरा टाकण्यासाठी दुसरी जागा नेमून द्यावी, अधिकाऱ्यांनी देखभालीची तरतूद उद्घाटनापूर्वीच करावी. बाग फुलविण्यास एक पावसाळा पुरतो, ती राखण्यास गाव लागते.