बाण उलटा फिरतो तेव्हा

डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही, आणि पुरण नि कणीक दोन्ही तयार झाल्याशिवाय पोळी नाही. हा क्रम घरात कुणी लिहून ठेवत नाही. संगणकाचा मोठा प्रोग्रॅम मात्र शेकडो फाइलींतून तयार होतो. तिथे कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे, हे लिहून ठेवावंच लागतं. त्या यादीला आम्ही बिल्ड स्क्रिप्ट म्हणतो.

ही यादी वाचून काम करणारा ‘मेक’ हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ वाया गेली होती. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती. आज इतक्या वर्षांनीही ‘मेक’ वापरात आहे.

आता समजा, ‘क’ला ‘ख’ हवी आणि ‘ख’ला ‘क’. एकाच यादीत असा फेरा असेल, तर ‘मेक’ला तो दिसतो. पण मोठ्या कामात प्रत्येक विभागाची यादी वेगळी असते आणि एक ‘मेक’ दुसऱ्या ‘मेक’ला बोलावतो. प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसतं. पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये एका लेखात नेमका हाच धोका दाखवून दिला होता.

आम्हालाही तो एकदा भेटला. एका रुग्णालयाच्या बिलांच्या प्रोग्रॅममधली दुरुस्ती सकाळी पोचवायची होती. रात्री बिल्ड चालू असताना यंत्र बंद पडलं. नोंदीतली शेवटची ओळ म्हणत होती, मेमरी संपली. ती ओळ छपाई विभागातली होती आणि तिथे आदल्या दिवशी नव्यानेच रुजू झालेल्या एका मुलाने बिलाचं शीर्षक बदललं होतं. साहजिकच सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

त्याचा बदल काढून टाकला, तरी तेच. दुप्पट मेमरीच्या यंत्रावर चालवलं, तर थोडा जास्त वेळ चालून तेही पडलं. म्हणजे मेमरी कमी नव्हती, ती खाणारं काहीतरी वाढत होतं. मग आम्ही नोंद वरून वाचायला घेतली. एक ‘मेक’ दुसऱ्याला बोलावतो, तेव्हा तो पातळीचा आकडा कंसात छापतो. एरवी तो तीनच्या पुढे जात नसे. इथे त्याने शंभरी केव्हाच ओलांडली होती आणि दोनच नावं आलटून पालटून येत होती: समाईक, छपाई, समाईक, छपाई.

छपाईची यादी सांगत होती, ‘समाईक फाइल नसेल तर आधी ती बनव.’ समाईकची यादी सांगत होती, ‘छपाईची फाइल नसेल तर आधी ती बनव.’ रकमेचे आकडे अक्षरांत लिहिणारा भाग छपाईत होता आणि तो समाईकलाही हवा होता. दोन्ही ओळी वेगवेगळ्या माणसांनी, काही महिन्यांच्या अंतराने लिहिल्या होत्या. एकेकटी वाचली, तर दोन्ही बरोबर! रोज जुन्या फाइली जागेवर असत, म्हणून फेरा झाकलेला राहिला. त्या रात्री सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं आणि तो उघडा पडला.

आणखी फेरे आहेत का, हे आम्ही कागदावर तपासलं. १९६२ मध्ये आर्थर कान यांनी दिलेली रीत सोपी आहे. जो कुणावरच अवलंबून नाही, त्याला खोडा. त्याच्याकडे जाणारे बाण पुसा. पुन्हा तेच करा. शेवटी काही खोडता येईनासं झालं, की उरलेल्यांत फेरा आहे हे नक्की. आमचे दोनच फेऱ्यात होते. रक्कम अक्षरांत लिहिणारा भाग तिसऱ्या विभागात हलवला आणि दोघांचे बाण त्याच्याकडे वळवले. उजाडायच्या आत बिल्ड पूर्ण झालं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा सगळं पुसून बिल्ड करायचं, असा आम्ही नियम केला. आणि यंत्र पडलं, की शेवटच्या ओळीजवळ कोण उभं आहे हे पाहण्याआधी नोंद वरून वाचायची. त्या मुलाचा बिलाच्या शीर्षकातला बदल आम्ही त्याच पहाटे परत जागेवर ठेवला. तो बरोबरच होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)