जुना संगणक आणि तीन व्होल्टचा सेल

14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा नेहमीचा आधार बंद झाला. तुमच्या जालन्या-अंबडकडच्या शाळेत, दुकानात तसा संगणक असेल, तर लगेच भंगारात काढू नका. विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून पाहा. सी-डॅक या सरकारी संस्थेचं, डेबियन या लिनक्सवर बेतलेलं ‘बॉस’ही आहे. यंत्र 32 बिटचं असेल तर मात्र डेबियन 13 त्यावर बसवता येत नाही, 12 चालतं.

आता एक नेहमीची तक्रार. रात्री लाइट गेली. सकाळी इंटरनेट आहे, पण संकेतस्थळं उघडत नाहीत. शिव्या खातो बिचारा राउटर! आधी पडद्यावरचं घड्याळ बघा. वर्ष मागं गेलंय? मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर 2032 सेल बहुधा संपलाय. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझर ते नाकारतो. प्लग काढून सेल बदला, तारीख लावा.

लिनक्स चालू होताना ‘एफएससीके’ (fsck) ही डिस्कची तपासणी दिसली, तर मध्येच बटण दाबू नका. ‘डीमेसेज’ (dmesg) आज्ञेत डिस्कच्या नावापुढे ‘आय-ओ एरर’ वारंवार येत असेल, तर आधी फायली पेन ड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती नंतर.