घाण आवाजाचा हिशेब

(कलापथकाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं उभं केलंय ते काही सन्मान म्हणून नाही. हिशेब द्यायला उभा केलाय. मागल्या बैठकीत एका साथीनं तोंडावर विचारलं, की पोरांच्या कोर्टकचेरीला पैसा पुरत नाही आणि तुम्ही ६,८५० रुपये एका जुनाट खोक्यावर घालवता, ते कुणाला विचारून? प्रश्न बरोबर होता. कुणालाच विचारलं नव्हतं. तर आज पै न् पै सांगतो. पण नुसते आकडे सांगितले तर तुम्ही मला चोर नाही तर येडा ठरवाल. म्हणून जरा लांबून येतो.

खोका तुम्ही पाहिलाय. गिटारचा व्हॉल्व्हवाला अॅम्प्लिफायर. एका मोडलेल्या हॉटेल-बँडमधल्या म्हाताऱ्या गोवेकर वादकानं जाता जाता आपल्याला दिला. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. पत्र्याच्या चौकटीवर कुणीतरी हातानं बांधलेला. आत ईसीसी ८३ दोन, ईएल ८४ दोन, आणि वीज सरळ करायला ईझेड ८१ एक. फार तर पंधरा वॉट. जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे बॉक्स लावणाऱ्या आपल्या पोरांना पंधरा वॉट म्हणजे खेळणं. पण बंद हॉलमध्ये तो पुरून उरतो.

एका कॉलेजच्या गॅदरिंगला आपण तो घेऊन गेलो. नाव घेत नाही. मी पहिली तार छेडली आणि साउंडवाला ओरडला, ‘तुमचा आवाज घाण येतोय.’ पुढच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. आता ‘घाण’ हा शब्द आपल्याला ऐकू येतो तो फक्त कानानं येत नाही. आज्याच्या काळापासूनचा सगळा उकिरडा त्या शब्दाबरोबर वर येतो. माझं डोकं सटकलं. मी बटण अजून पिळलं. खोका भुंकायला लागला, मागनं घूंऽऽ असा घोगरा सूर, आणि ताईचं गाणं त्यात पार बुडालं. परत येताना लोकलमध्ये मी छाती काढून सांगत होतो, की हाच आपला आवाज, हाच विद्रोह, साल्यांना पचला नाही. ताई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, ‘माझा एक शब्द तरी कुणाला कळला का रे?’

हे वाक्य डोक्यात राहिलं.

गिटारवाल्यांच्या दुनियेत आवाजाच्या दोनच जाती आहेत. एक क्लीन, एक डर्टी. मी हे बनवून सांगत नाही, त्यांचा रोजचा बोलायचा शब्द आहे. आणि गंमत अशी, की ज्या डर्टी आवाजावर आज जगभर लाखोंचा धंदा चालतो, तो आधी काळ्यांच्या मोडक्या सामानातून बाहेर आला. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारा मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला आला. तिथल्या दारूच्या गुत्त्यात गर्दी एवढी, गलका एवढा, की साध्या लाकडी गिटारीचा आवाज कुणाला जाईना. म्हणून वीज आली. हौस म्हणून नव्हे. ऐकू जावं म्हणून. मग १९५१. आइक टर्नरचा बँड मेम्फिसला रेकॉर्डिंगला निघालेला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या अॅम्प्लिफायरची वाट लागली. कोणी म्हणतं गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. फाटक्या स्पीकरात कागदाचे बोळे कोंबले आणि तसंच वाजवलं. ‘रॉकेट ८८’ नावाची ती तबकडी काळ्यांच्या संगीताच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली. नवं सामान घ्यायला पैसे असते तर तो आवाज निघालाच नसता.

लिंक रे याचं तर त्याहून पुढचं. शॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या वंशातला माणूस. त्यानं अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली, खरखर हवी म्हणून, मुद्दाम. १९५८ साली ‘रंबल’ निघालं. त्यात गाणं नाही, शब्द नाही, नुसती गिटार. तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायचं बंद केलं, पोरांच्या टोळ्या चेकाळतील म्हणून. शब्दच नसलेल्या गाण्यावर बंदी! आपल्या पुस्तकांवर, नाटकांवर ओरड होते तेव्हा निदान पान नंबर तरी सांगतात.

तिकडे लंडनमध्ये हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवाल्याचं दुकान. १९६२ साली त्यानं आणि त्याच्या पोरांनी अमेरिकेतला फेंडर बासमन हा अॅम्प्लिफायर समोर ठेवून त्याची नक्कल बांधली. पण विलायतेत जे भाग मिळत होते ते घातले. पहिला व्हॉल्व्ह जास्त जोराचा. चार दहा इंची स्पीकरांच्या जागी चार बारा इंची, आणि पेटी मागून बंद. एवढ्यानं आवाजाचा स्वभावच बदलला. चार वर्षांनी जिमी हेंड्रिक्स लंडनला आला आणि मार्शलच्या पेट्यांपुढे उभा राहिला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. व्हिएतनामची लढाई चालू होती. त्याच्या गिटारीतून बाँब पडत होते, माणसं किंचाळत होती. तोंडानं त्यानं एक शब्द काढला नाही.

आणखी एक. कॅलिफोर्नियात बर्कलीला रँडल स्मिथ म्हणून एक दुरुस्तीवाला पोरगा होता. त्यानं मस्करी म्हणून फेंडरचा छोटा प्रिन्सटन आतून बदलला. मोठे ट्रान्सफॉर्मर, बारा इंची स्पीकर, बाहेरून तेच इवलं खोकं. कार्लोस सँटाना, मेक्सिकोतून आलेला, त्यानं तो वाजवून बघितला आणि रस्त्यावर गर्दी जमली. पुढं स्मिथनं आत जोराची एक पायरी वाढवली, म्हणजे हळू वाजवलं तरी सूर लांब टिकायला लागला. बर्कलीला लागूनच ओकलंड आहे. तिथंच १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली, जिचं नाव १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी उचललं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. नकाशात शेजारी आहेत, एवढंच.

हे सगळं वाचून मी आणखी फुगलो. म्हटलं, म्हणजे आपली खरखर थोर आहे, तिला हात लावायचाच नाही. उलट वाढवायची. त्या डोक्यानं मी खोका घेऊन लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका चाचांकडे गेलो. पन्नास वर्षं रेडिओ आणि कर्ण्यांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. मी त्यांना शिकागो, मेम्फिस, विद्रोह, सगळं सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. खोका चालू केला, कान लावला, बंद केला. म्हणाले, ‘बेटा, ये बगावत नहीं है. कंडेन्सर सूख गया है.’

साथींनो, माझ्या आयुष्यात कुणी मला एवढं कमी शब्दात झोपवलं नाही.

मग त्यांनी दाखवलं. तो घोगरा घूं म्हणजे विजेचा शंभर सायकलचा सूर. वीज सरळ करणारे मोठे कंडेन्सर वाळले की तो गळतो. माझा विद्रोह म्हणजे वीज बोर्डाचा आवाज! दुसरं, एक ईएल ८४ लालबुंद होत होता. मला वाटायचं, काय तापलाय पठ्ठ्या. तो मरत होता. मधला कंडेन्सर फुटून वरची वीज खाली व्हॉल्व्हच्या जाळीवर येत होती. आणि प्लग दोन पिनी, अर्थिंग नाही. म्हणजे माइक आणि गिटार एकदम धरली असती तर ताईला आणि मला एकत्रच श्रद्धांजली वाहावी लागली असती.

मी आगाऊपणानं घरी एकदा आत हात घातला होता, तेही सांगतो. प्लग काढलेला होता. तरी फेकला गेलो, खांदा आठवडाभर दुखला. या खोक्यात तीनशे व्होल्टच्या वर वीज असते, आणि बंद केल्यावरही ती कंडेन्सरात साठून राहते. चाचा आधी पाच वॉटचा रेझिस्टन्स लावून ती उतरवतात, मीटरवर शून्याजवळ आली की मगच हात. आणि तोही एकच. ‘दूसरा हाथ जेब में.’ एका हातातनं शिरून दुसऱ्यातनं निघाली तर वीज काळजातून जाते.

तर काम काय झालं. आधी तीन पिनी प्लग आणि अर्थिंग. सगळे वाळके कंडेन्सर नवे. मधले कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचे होते, ते काढून ०.०२२ चे. त्यानं खालचा गढूळ ठोका छाटला गेला. पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी २५ चा होता, तिथं ०.६८ चा, त्यानंही तेच. मार्शलवाल्यांनी कधीच केलेलं आहे हे, चाचांना मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, कर्ण्यावर बोलणाऱ्याचा शब्द साफ यावा म्हणून आम्ही खालचा आवाज असाच कापायचो. मग मुख्य गोष्ट. ईसीसी ८३ च्या एका काचेत दोन व्हॉल्व्ह असतात. आपल्यात एक अर्धा माइकला होता, एक अर्धा गिटारीला. चाचांनी दोन्ही अर्धे एकामागं एक जोडले, मध्ये एक बटण बसवलं. आता गिटारीचा सूर दोनदा वाढतो. दुसऱ्या पायरीवर तो व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेर जातो, आणि व्हॉल्व्ह त्या लाटेचं डोकं कचकन उडवत नाही, हळूहळू गोल दाबतो. त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्मतात. म्हणून ती खरखर कानाला जाळत नाही, भरून येते. स्पीकरचा फाटका कोन बदलला.

मी म्हटलं, चाचा, फाटका राहू द्या, लिंक रेसारखा. ते म्हणाले, त्यानं भोकं पाडली, तुझा उंदरानं खाल्लाय.

आता ‘गिटार आपलं वाद्य नाही’ म्हणणाऱ्या साथीला. माझा चुलता गावाकडं हलगी वाजवणाऱ्यांच्या शेजारी वाढला. तो सांगायचा, वाजवायच्या आधी पाचट पेटवून हलगी शेकायची. कातडं ताणलं की कडकडीत बोलते. किती शेकायची हे हाताला कळतं. जास्त झाली तर फुटते, कमी झाली तर भद्द. हे अॅम्प्लिफायरचं कामच आहे, मित्रांनो. फक्त त्याला कुणी इंजिनिअर म्हटलं नाही, बिदागी म्हणून शिळी भाकर दिली आणि वेशीबाहेर बसवलं. आणि यंत्र परकं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बाबासाहेबांचं १९४५ चं काँग्रेस-गांधींवरचं पुस्तक काढून बघावं. चरख्याचं कौतुक चाललेलं असताना यंत्राची बाजू त्यांनी किती ठासून घेतलीय ते.

हिशेब. ईएल ८४ ची जोडी आणि एक ईसीसी ८३, २,४०० रुपये. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने मिळतात का पाहिलं, नाही मिळाले. नवे आता रशिया, स्लोव्हाकिया, चीनकडनं येतात. कंडेन्सर, रेझिस्टन्स, प्लग, वायर ९५०. कोन १,३००. चाचांची मजुरी २,०००. ते पंधराशे म्हणत होते, मी पाचशे वर ठेवले. कारागिराची मजुरी पाडणारे आपण नव्हे. टॅक्सी २००, कारण लोकलमध्ये काचा फुटल्या असत्या. एकूण ६,८५०. पावत्या टेबलावर आहेत, टॅक्सीची नाही. विचारायला हवं होतं, ते चुकलंच. कोर्टाच्या फंडात ही रक्कम मी दर महिना ५०० प्रमाणे भरतोय, दोन हप्ते गेलेत.

आणि ताईचं. गेल्या रविवारी चाळीच्या हॉलमध्ये वाजवलं. कडवं चालू असताना मी गिटारीवरचं बटण खाली घेतो, तेवढ्यानं व्हॉल्व्ह निवळतो, आवाज साफ होतो आणि ताई वर येते. ध्रुपद आलं की बटण वर, मग होऊ दे घाण. खोका लोकांकडं तोंड करून न ठेवता थोडा आडवा ठेवलाय. शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कार्यक्रम संपल्यावर ताईला दुसरं कडवं म्हणून दाखवलं. ताई मला म्हणाली, ‘अजून जरा कमी कर.’ करतो.

चाचांचे डोळे अधू झालेत. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात ते दोघातिघांना शिकवायला तयार आहेत. नावं माझ्याकडं द्या, पोरींनीही द्या. सोल्डरिंगची इस्त्री स्वतःची आणा, पायात रबरी चप्पल घाला, आणि डावा हात खिशात.

जय भीम.