तळघर खणायच्या आधी विहिरीत डोकवा

मिरजगावहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. घर बांधतोय, खाली तळघर काढायचंय, त्यात पोरांसाठी अभ्यासिका करायचीय. प्रश्न एवढाच, "दादा, वॉटरप्रूफिंगला कुठलं केमिकल भारी?"

केमिकलवर येतो. आधी मला सांग, शेजारच्या विहिरीला दिवाळीच्या सुमारास पाणी किती खाली असतं?

हसू नका. कर्जत तालुका म्हणजे दुष्काळी, इथं तळघरात पाणी कुठून येणार, असं सगळ्यांनाच वाटतं. पण आपल्याकडचा खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरातला. त्यात काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस आला की पाणी त्या भेगांतून थेट खोल उतरतं. मग माती फुगते, भिंतीला रेटते आणि पाणी धरून बसते. जुनी माणसं गाव पांढरीत वसवायची आणि शेती काळीत करायची. धान्याची पेवंसुद्धा कोरडी जागा बघूनच खणायची. नगरचा चांदबिबी महाल आठवा. ती खरं तर सलाबतखानाची कबर, आणि कबरी खाली तळघरात आहेत. पण इमारत कुठंय? डोंगरावर.

तर विहिरीचं पाणी दिवाळीला जमिनीपासून दहा फुटांच्या आत असेल, तर माझं मत सरळ आहे : तळघर काढू नका. तेवढ्या पैशात वर एक खोली चढवा.

पाणी खोल असेल तर पुढचं ऐका. एक मीटर उंचीचं पाणी दर चौरस मीटरला एक टन दाब देतं. आठ फूट खोल तळघराभोवती पाणी वरपर्यंत साचलं, तर तळाशी जवळजवळ अडीच टन. फरशीलाही तेवढाच रेटा, खालून वर. आतून मारलेला डांबरी थर किंवा रंग इथं टिकत नाही. पाणी त्याला मागून ढकलतं, फुगे येतात, भिंतीला लोणा धरतो, पोपडे पडतात. म्हणून पाणी बाहेरच्या बाजूनेच अडवायचं, आणि ते बांधकाम चालू असतानाच जमतं. एकदा माती भरली की संधी गेली.

आपल्याकडे याची जुनी पद्धत म्हणजे शहाबादी फरशीचा बॉक्स. खाली पीसीसीवर खडबडीत शहाबादी बसवायची, सांधे सिमेंटने भरायचे, त्यावर आरसीसीचा तळ. भिंतींना बाहेरून थोडी फट सोडून फरशी उभी करायची आणि फटीत सिमेंटचं पातळ ग्राउट ओतायचं. मिस्त्री मुरलेला असेल तर हे काम फार टिकतं. नसेल तर एक पोकळ सांधा सगळ्यावर पाणी फिरवतो, अगदी शब्दशः. दुसरा मार्ग डांबरी मेम्ब्रेनचा. गॅसच्या टॉर्चने तापवून चिकटवतात. पण माती भरताना दगड लागून ते फाटतं, म्हणून त्याच्यापुढे विटांचा पातळ आडोसा हवाच. आणि गच्चीवरचा विटांचा कोबा तळघरात आतून घालायला कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

पण दोन्हीपेक्षा महत्त्वाचं आहे काँक्रीट. पाणी धरणाऱ्या बांधकामांसाठी आयएस ३३७० हे मानक आहे. त्यात आरसीसीला किमान एम ३०, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीच्या वर नाही. साइटवर काँक्रीट सरकत नाही म्हणून पाइपने पाणी सोडतात, तिथंच गळती जन्माला येते. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात वॉटरस्टॉप पट्टी टाकून घ्या. तळघर गळतं ते बहुतेक या सांध्यातून, नाहीतर पाइप भिंतीतून जातो तिथून.

खड्डा भरताना काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. तळाशी खडीत छिद्रांचा पाइप ठेवून तो संपला न्या. पाण्याला वाट दिली की दाब राहतच नाही. सगळ्यात कमी खर्चाचं काम हेच, आणि नेमकं हेच गाळतात.

ज्यांचं तळघर आधीच ओलं आहे, त्यांनी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी प्लॅस्टिकच्या मागे ओल दिसली तर पाणी भिंतीतून येतंय. पुढे दिसली तर हवेतली दमट आहे, खिडकी काढा. भिंतीतूनच येत असेल तर वाहत्या फटीत पीयू इंजेक्शन, आणि बाकी भिंत खरवडून क्रिस्टलाइन कोटिंग. ते काँक्रीटच्या आत स्फटिक धरतं, म्हणून आतून लावलं तरी चालतं. विटांच्या भिंतीला मात्र त्याचा उपयोग नाही.

आता अभ्यासिका. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत, जुन्या राजिंदरनगरात, तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी गेले. ते पाणी भिंतीतून झिरपलं नव्हतं, रस्त्यावरून आत घुसलं होतं. तिथं कुठलंच केमिकल कामाला येत नाही. मित्रा, तुझ्या तळघराच्या जिन्याचा उंबरा रस्त्यापेक्षा उंच घे, बोर्ड आणि स्विच कमरेच्या वर घे, संपच्या मोटारीला इन्व्हर्टर दे, कारण लाइट जाते ती पावसातच. बांधकाम परवानगीत तळघराचा वापर काय लिहिलाय तेही वाच. खाली कडब्याची कुट्टी ठेव, जुनं सामान ठेव. पोरांना वरच्या मजल्यावर बसव.