चित्र उतरवू नका

(मुरुड येथे समाजमंदिरात भरलेल्या चित्रप्रदर्शनात केलेलं भाषण)



मी भाषणवाला नाही. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. गोदीतून सुटलो की चालत काळ्या घोड्याला जाता येतं. तिथं जहांगीर आर्ट गॅलरी आहे, 1952 सालची. आत जायला तिकीट नाही, तरी पायातली चप्पल बिचकते. दरवान अडवत नाही, नजरा अडवतात. आत भिंत पाहिजे तर चित्रकारानं वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायची, वर भाडं भरायचं. ज्याला थांबणं परवडत नाही तो बाहेर फुटपाथवर चित्रं मांडतो. आत कला, बाहेर माल. मधे फक्त एक दरवाजा.

डहाणूकडचे वारली बघा. त्यांच्या बाया लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी तिथं पोचले. जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले. 1975 ला मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, 2011 ला पद्मश्री मिळाली. त्या माणसाला सलाम. पण भिंत वारल्यांची होती आणि गॅलरी दुसऱ्याची, हे विसरू नका.

आता आपल्या कोकणात या. कुडाळजवळ पिंगुळी. 1981 पर्यंत तेही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. तिथल्या ठाकरांची चित्रकथी. परशुराम गंगावणे यांनी 2006 साली स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उघडलं. गोठ्यात! पद्मश्री नंतर आली, 2021 ला. गोठा आधी होता. मग आपल्याकडं तर सिमेंटचं समाजमंदिर आहे.

काल रात्री इथं वाद झाला. एका पोरीनं मेलेलं ढोर ओढणारी माणसं काढलीत. काही जण म्हणाले, उतरवा. 1956 ला आपण हे सगळं टाकलं, आता पाहुण्यांपुढं कशाला उगाळता? बाबांनो, तुमचा राग मला कळतो. ज्यांच्या बापांनी ते ओढलं, त्यांनाच तो येणार. पण टाकणं वेगळं आणि पुसणं वेगळं. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. जे सोडलं ते काय होतं, हेच पोरांना माहीत नसेल तर सोडण्याची किंमत त्यांना कशी कळणार?

नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं आणि मागं झाडू बांधलेला अस्पृश्य काढला. मेलेल्या गाईसोबतचा अस्पृश्यही काढला. ते बघून आपली मान कशाला खाली जाईल? ज्यांनी मडकं बांधलं त्यांची जाऊ दे.

आणि हे मुरुड महर्षी कर्व्यांचं. बाईनं शिकावं म्हणून त्यांनी जन्म घातला, 1958 ला भारतरत्न झाले. त्याच गावातली पोरगी शिकून चित्र काढते, आणि आपणच तिला गप्प बसवायचं?

दुसरी गोष्ट. हॉटेलवाले सांगतात, समुद्र काढा, माड काढा, होड्या काढा, आम्ही घेतो. काढा की! समुद्र कुणाच्या बापाचा नाही. पैसे घ्या, पोट भरा. पण घेणारा तेवढंच घेतो म्हणून आपण तेवढंच काढायचं, असं झालं की ब्रश आपला आणि हात त्याचा.

माझं मागणं थोडकं आहे. समाजमंदिर लग्नाला लागतं, जयंतीला लागतं, लागू दे. पण एक भिंत कायम चित्रांची. किल्ली वाडीतल्या पोरापोरींकडं. कुठलं चित्र लावायचं ते काढणाऱ्यांनी बसून ठरवायचं. कुणाला पटलं नाही तर त्यानं दारातल्या वहीत लिहावं, चित्राला हात लावू नये. किंमत चिठ्ठीवर उघड, आणि पैसे काढणाऱ्याच्या हातात. दोन ट्यूबलाइटचे पैसे मी मुंबई मंडळाकडं मागणार आहे. नाही दिले तर माझ्या पगारातून.

ढोर ओढणारं चित्र आज दारासमोर आहे. तिथंच राहू दे. येणाऱ्यानं आधी ते बघावं, मग समुद्र.

जयभीम.