आचऱ्याची पुळण, मालवणचं खडप

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण, थोडे संपादित करून)



माझ्या आधी दोन भाषणं झाली. एक लिफ्टच्या इतिहासावर आणि एक पाण्याच्या टाकीवर. दोन्ही महत्त्वाची होती, म्हणून मीही पाण्याच्या टाकीवरच बोलणार आहे. फक्त ही टाकी आमच्या मालवण तालुक्यातली आहे, तिला झाकण नाही, आणि ती दिवसातून दोनदा आपोआप भरते.

माझं माहेर आचऱ्याचं. गाव म्हटलं की लोकांना रामेश्वराचं देऊळ आठवतं, नाहीतर गावपळण. तीन दिवस, तीन रात्री माणसं गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहतात, आणि गाव एकटं असतं. समुद्राचं मात्र कोणी विचारत नाही. आचऱ्याचा समुद्र म्हणजे पोहायचा, मासे खायचे आणि संध्याकाळी फोटो काढायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. मी आज बोलणार आहे ते पाणी मागे गेल्यावर जे उघडं पडतं त्याबद्दल.

आधी वेळ. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. भरती दिवसातून दोनदा, सुकतीही दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी वरही फार चढतं आणि खालीही फार जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे दोन्ही बेताचं. जुनी माणसं घड्याळ बघत नसत. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पूर्ण भरती. द्वितीया असेल तर दीड वाजता, म्हणजे सुकती त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला. हा हिशोब मुंबईला बरा लागू पडतो. मालवणकडे पाणी थोडं आधी येतं, म्हणून जरा लवकर निघायचं. उन्हाळ्यात सकाळची सुकती खोल जाते, थंडीत संध्याकाळची. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी कालनिर्णय बघून द्वितीया-तृतीयेची सकाळ धरावी. बरोबर जन्माला आल्यापासून मुंबईत असलेली मुलं असतील तर त्यांना हा पाऊणपटीचा हिशोब तोंडी करायला लावा. पाढ्यांचा उपयोग काय, हा प्रश्न परत विचारणार नाहीत.

आचऱ्याचा किनारा मुख्यतः वाळूचा, आमच्या भाषेत पुळण. लोक म्हणतात वाळूत काय बघायचं! पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पडलेली दिसते. ती काढतो नखाएवढा खेकडा. वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतो, उरलेल्याची गोळी करून टाकतो. भरती येईपर्यंत त्याचं हेच चालतं, आणि भरती सगळं पुसून टाकते. बटणासारखे गुळगुळीत रंगीबेरंगी शंख मूठ-मूठ सापडतात, त्यांची नक्षी एकसारखी नसते. काही शिंपल्यांना अगदी ड्रिलनं पाडावं तसं गोल भोक असतं. आम्ही लहानपणी ते दोऱ्यात ओवायचो, देवानं माळेसाठीच भोक पाडलंय असं वाटायचं. प्रत्यक्षात ते एका मांसाहारी गोगलगायीनं पाडलेलं असतं. ती शिंपला धरून बसते, कवच हळूहळू पोखरते आणि आतलं खाते. हिचीच अंडी वाळूत कालवून केलेल्या कॉलरसारखी असतात, शर्टाची फाटलेली कॉलर पडली आहे असं वाटतं. आपण कचरा समजून पायानं उडवतो. आता ओळखाल.

खडप बघायचं तर मालवणला जायला हवं, आचऱ्यापासून वीस-बावीस किलोमीटर. खडप म्हणजे समुद्रातला खडकाळ भाग. उत्तरेकडे कुणकेश्वरच्या देवळाखालीही खडक आहेत. मालवणला रॉक गार्डनजवळ सुकतीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्या प्रत्येक खळग्यात एक सोसायटी असते.

हसू नका, खरंच असते. मजले ठरलेले आहेत. सगळ्यात वरच्या खडकावर पाणी जेमतेम पोचतं. तिथे बारीक गोगलगायी आणि खडकाला सिमेंटनं चिकटवल्यासारखे बार्नॅकल राहतात. पाणी गेलं की बार्नॅकल दार लावून आत ओल धरून बसतो, पाणी आलं की दार उघडून पिसासारखे पाय बाहेर काढून जेवतो. पाणीकपात कशी सोसावी ते त्याच्याकडून शिकावं. मधल्या मजल्यावर कालवं आणि टोपीच्या आकाराच्या गोगलगायी. यांतल्या काही जाती शेवाळ चरायला बाहेर पडतात आणि परत आपल्याच जागी येऊन बसतात, कवचाची कड त्या खडकाला इतकी नेमकी बसलेली असते. तळमजल्यावर, जिथे पाणी कधी पुरतं हटत नाही, तिथे गर्दी. समुद्रफुलं, तारामासे, साळिंदरासारखे काट्यांचे गोळे, आणि नशीब असेल तर समुद्रससा. हा मऊ, तपकिरी, दोन कानांचा गोळा डिवचला की जांभळी शाई सोडतो. शाई बघायला म्हणून डिवचू नये.

आता शंखात राहणारा खेकडा, ज्याला हर्मिट क्रॅब म्हणतात. याचं पोट मऊ असतं, त्याला स्वतःचं कवच नाही. तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. वाढला की जागा अपुरी पडते, मग मोठा शंख हवा. एक मोठा रिकामा शंख मिळाला की त्याभोवती खेकडे जमतात, मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागते. पहिला मोठ्या शंखात गेला की त्याचा शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. एका रिकाम्या शंखात अशी चार-पाच कुटुंबं एका दमात जागा बदलतात. ना एनओसी, ना ट्रान्सफर फी! शास्त्रज्ञांनी हे बसून नोंदवलेलं आहे.

म्हणूनच मी आज इथे उभी आहे. दर मे महिन्यात आपल्या इमारतीत किनाऱ्यावरून पिशव्या येतात. शोकेसमध्ये, कुंडीत, फिशटँकमध्ये शंखांचे ढीग असतात. "रिकामेच होते हो," असं सगळे सांगतात. रिकामा शंख हा रिकामा फ्लॅट आहे, आणि त्यासाठी रांगेत कोणीतरी उभं आहे. आणि पिशवीतले सगळे रिकामे नसतातच. दोन दिवसांनी जिन्यात वास येतो तेव्हा कळतं कोण आत होतं. दुकानातले चकचकीत मोठे शंख बहुतेक करून जिवंत प्राणी काढून साफ केलेले असतात. काही जातींचे शंख, प्रवाळ, समुद्री काकडी आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. मालवणचा समुद्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यातच येतो.

आमच्या गावच्या बायका कोयती घेऊन कालवं काढायला जातात, त्याचं काय, असं कोणी विचारेल. त्या पोटासाठी काढतात, खायच्या तेवढ्या. जागा त्यांना ठाऊक असतात. टोपलीभर कालवं आणि शोकेसमधला शंख यांना एकाच तराजूत घालणं मला पटत नाही.

हे बघायला मालवणलाच जायला पाहिजे असंही नाही. हाजीअली, गिरगाव चौपाटी, जुहू, कार्टर रोड, सगळीकडे सुकतीला हेच दिसतं. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरतात. कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळांच्या 18 वसाहती 2020 मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत हे बऱ्याच जणांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पुनर्विकासाच्या मीटिंगला बसलेल्यांना वसाहत हलवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आता नियम, थोडक्यात, मुलांसाठी. दगड उचललात तर त्याच्याखालचं बघा आणि जसा होता तसाच, त्याच कुशीवर ठेवा. खालची बाजू उन्हात राहिली तर तिच्यावरचं वाळून मरतं. सगळ्या गोष्टींत हे एक लक्षात ठेवलंत तरी पुरे. आइस्क्रीमच्या कोनसारखा, नक्षीचा सुंदर शंख दिसला तर हात लावायचा नाही. आतली गोगलगाय विषारी काटा मारते, काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच पळतं. 2013 च्या गणपतीत गिरगावला विसर्जनाच्या वेळी कितीतरी लोकांना पाकटाचा काटा लागला होता. आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. माझी आजी म्हणायची, "दर्याक पाठ दाखवू नको गो." ती कविता करत नव्हती. खडपावर पाणी मागून येतं आणि आवाज करत नाही.

येत्या मे महिन्यात आमच्याकडे पंधरा-वीस जणांची सोय होऊ शकते. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं सेक्रेटरींकडे द्यावीत. मळलेले, तळ न घसरणारे जुने बूट आणा, टोपी आणा, पाण्याची बाटली आणा. पिशवी आणू नका. जेवणाला सोलकढी असेल, आणि सकाळी पाच वाजता उठवलं म्हणून कोणी कुरकुर करायची नाही.